चार्ज देताना

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. साठी पूर्ण झाल्यामुळे आपण ३१ मे २०२५ रोजी सेवानिवृत्त होत आहात. तत्पूर्वी मंडळीचा चार्ज नव्या पाळकांकडे द्यावा आणि पार्सनेज रिकामं करावं. मी चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू. मंडळी म्हणजे त्या चर्चचे लोक आणि पार्सनेज म्हणजे त्यांनी पाळकाला राहायला दिलेलं घर. तारीख मला वर्षभर आधीपासून ठाऊक होती. तरी पत्र हातात घेऊन मी व्हरांड्यात बराच वेळ बसून राहिलो. बायकोनं आतून विचारलं, "कुणाचं पत्र?" मी म्हटलं, "आपलंच."

एकतीस वर्षं पाळक म्हणून काम केलं. मिरजेजवळचं एक खेडं, मग इस्लामपूर, निपाणी, कोडोली आणि शेवटची नऊ वर्षं कोल्हापूर. पाच ठिकाणी पाच घरं, त्यातलं एकही आमचं नाही. पाळकाला मंडळी घर देते, त्याबद्दल मी देवाचे आभारच मानतो. पण त्या घरात भिंतीला खिळा मारायचा तरी आधी कमिटीच्या कानावर घालावं लागतं. बदलीची आम्हाला सवय होती. कुठलं भांडं कुठल्या गोणपाटात जायचं हे बायकोला झोपेतही सांगता येईल. यावेळी फरक एवढाच की पुढं मंडळी नव्हती. कळंब्याच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट होता, त्याचं कर्ज मुलाच्या नावावर.

चार्ज देणं म्हणजे काय, हे मंडळीतल्या पुष्कळांनाही माहीत नसतं. एक छापील यादी असते. बाप्तिस्म्याची नोंदवही, विवाहाची नोंदवही, दफनाची नोंदवही, सभासदांची यादी, कमिटीच्या सभांचं मिनिट बुक, जमाखर्चाच्या वह्या, प्रभुभोजनाचा संच, पेटी, तबला, सतरंज्या, खुर्च्या, किल्ल्या. सेक्रेटरी आणि दोन वडीलजन (मंडळीनं निवडलेली जाणती माणसं) समोर बसतात, एकेक वस्तू मोजायची आणि सही करायची. मार्चच्या एका शनिवारी आम्ही बसलो आणि मला वाटलं, दुपारपर्यंत उरकेल. त्याला चार शनिवार लागले.

कारण नोंदवह्या. वही उघडली की कुणी तरी म्हणायचं, "थांबा पाळकसाहेब, हे आमच्या आजोबांचं नाव," आणि सगळे त्या पानावर वाकायचे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तिथून या भागातल्या आमच्या मंडळ्यांची गोष्ट सुरू होते. आमची मंडळी बरीच नंतरची, पण तिच्याही जुन्या वह्यांचा कागद आता पिवळा पडून कडेनं तुटतोय. शाई मात्र अजून काळी आहे. टाकानं लिहिलेली वळणदार अक्षरं, बाप्तिस्मा घेणाऱ्याचं आधीचं नाव, नवं नाव, साक्षीदाराचा अंगठा. पुढं पुढं नावं बदलत जातात. रूथ, शमुवेल, मग करुणा, आशीर्वाद आणि अलीकडची नावं तर मलाही दोनदा विचारून लिहावी लागली. त्या वहीत माझ्या हातच्या नोंदी शेकड्यांनी आहेत. ज्या पोरांना मी पाणी लावलं, त्यातली काही आता शेजारी बसून यादी तपासत होती.

विवाहाच्या वहीबद्दल मी फार कडक होतो, हे मंडळी सांगेल. पाळकाला विवाह लावायचा परवाना सरकार देतं आणि त्याच्यामागं १८७२ सालचा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आहे. वधूवरांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या, माझी सही, हे सगळं त्याच दिवशी व्हायला पाहिजे आणि त्याचा दाखला सरकारी निबंधकाकडे जायला पाहिजे. विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच. एकदा मिरजेहून येणारं वऱ्हाड सांगली फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलं. चारचं लग्न, नवरी देवळात पोचली सहा वाजून वीस मिनिटांनी. (आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मीही म्हणतो.) मी संदेश, म्हणजे प्रवचन, बाजूला ठेवला, थेट वचनं घेतली आणि पावणेसातला सह्या झाल्या. नवरीचे वडील नंतर हळूच म्हणाले, "साहेब, दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं." तेव्हा मी कायदा सांगितला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन ते दोन शब्द बोलून आलो.

तिसऱ्या शनिवारी दफनाची वही आली. २०२२ च्या जानेवारीतलं पान मीच उलटणार होतो, पण सेक्रेटरीचं बोट आधी तिथं पोचलं. नाव, वय ८४, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, कारण, विधी करणारे पाळक. नाव माझ्या आईचं आणि शेवटच्या रकान्यात सही माझी. नात्याचा रकाना आमच्या वहीत नाही.

त्या दिवशी शेजारच्या मंडळीचे पाळक यायचे होते, पण कोरोनाची तिसरी लाट चालू होती आणि ते स्वतः तापानं आडवे झाले. मग विधी मीच केला. सकाळी गल्लीतल्या तरुण मंडळाची पोरं दारात आली. कोल्हापुरात महापालिकेकडून अंत्यसंस्कार मोफत होतात, लोक शेणी (गोवऱ्या) दान देतात आणि कुणाच्याही घरची मयत असो, मंडळाची पोरं धावून येतात. त्यांनी विचारलं, "फादर, शेणी पोच करायला सांगू? आणि रक्षाविसर्जन परवा धरायचं का?" त्यांनी आमच्यातली मयत कधी पाहिलीच नव्हती. मी सांगितलं की आम्ही मातीत ठेवतो, रक्षा नसते. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण म्हणाला, "मग खड्डा काढायला माणसं लागतील की." आणि ते कुदळ-खोरी घेऊन दफनभूमीत गेले. थंडीनं माती घट्ट झाली होती. मी शवपेटीबरोबर पोचलो तेव्हा ते घामानं भिजलेले होते. कबरीच्या कडा इतक्या सरळ काढल्या होत्या की खोदणारा नेहमीचा माणूस बाजूला उभा राहून बघत होता.

मूठभर माती टाकताना म्हणायचे शब्द मी तोवर कितीदा म्हटले असतील, मोजदाद नाही. त्या दिवशी तिथवर आलो आणि आवाज बंद झाला. माझ्यामागं एक म्हातारे वडीलजन होते, त्यांनी काही न सांगता गाणं उचललं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन, आईच्या आवडीचं. सगळ्यांनी धरलं. ती पोरंही टोप्या काढून उभी राहिली. चार कडव्यांनंतर मला शब्द म्हणता आले. संध्याकाळी शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून दिली, आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटू दिली नाही.

वहीचं ते पान मी पालटलं. कुणी काही बोललं नाही.

कोरोनाच्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. २०२० चं ईस्टर बंद देवळात, फोनसमोर बोलून झालं. पुढच्या वर्षी काही कुटुंबांबरोबर मला कबरीजवळ जाताही आलं नाही.

महापुराबद्दल मात्र लिहायला हवं, कारण यादीत एक ओळ होती: "ताडपत्री, मोठी, ४ नग." आम्ही मोजल्या तर दोनच भरल्या. उरलेल्या दोन कुठं गेल्या ते फक्त मला आणि बायकोला माहीत होतं.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद झाला, पेट्रोल मिळेना, आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना नळ कोरडे, कारण उपसा करणारी पंपिंग स्टेशनं बुडाली होती. देवळाचं आवार उंचावर, म्हणून लोक आले. तिसऱ्या रात्री हॉलमध्ये चाळीस माणसं होती, त्यातली आमच्या मंडळीतली अकरा. बायकोनं पार्सनेजच्या स्वयंपाकघरात पहाटे चारला भात लावायला सुरुवात केली, ती रात्री अकरापर्यंत उभीच होती.

त्याच रात्री कुंभार गल्लीतला एक ओळखीचा माणूस आला. गणपती महिन्याच्या आत आला होता. त्याच्या शाडूच्या मूर्ती, तीस-चाळीस असतील, पाण्यातून बाहेर काढून टेम्पोत चढवलेल्या आणि आता ठेवायच्या कुठं? पाऊस थांबत नव्हता. "फादर, नुसता आडोसा द्या, बाकी काय नको." मी गप्प राहिलो, खोटं का बोलू? ख्रिस्ती देवळाच्या आवारात मूर्ती ठेवायच्या म्हणजे उद्या मंडळीत काय काय बोललं जाईल, ते सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. बायको हातातला झारा घेऊन दारात आली. ती म्हणाली, "अहो, त्यांच्या लेकरांचं वर्षाचं खाणं भिजतंय. व्हरांडा आपल्याकडं आहे." मग मी आणि मुलगा, दोघांनी मूर्ती उतरवायला हात लावला. रंगकाम व्हायचं होतं, डोळ्यांची आखणी व्हायची होती. ओल्या मातीचा वास सगळ्या घरात भरला. दोन मोठ्या ताडपत्र्या त्यांच्यावर घातल्या आणि पाणी उतरल्यावर मूर्ती परत गेल्या, त्या ताडपत्र्यांसकटच.

एका वडीलजनांनी पुढच्या सभेत विषय काढला. त्यांच्या मनाला लागलं होतं आणि त्यांचं दुःख खरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही. एवढंच सांगितलं की आम्ही पूजा केली नाही, शेजारधर्म केला. ते दोन महिने माझ्याशी सलामापलीकडं बोलले नाहीत. नाताळात त्याच कुंभाराकडून आमच्या घरी मातीचा एक गोठा आला. बाळ येशू, मरिया, योसेफ आणि एक म्हैस. गाय नव्हे, म्हैसच. तो गोठा दर डिसेंबरला देवळात मांडला जातो, आणि मांडतात ते वडीलजन. यादीत मी तो "मातीचा गोठा, १ नग" असा वाढवून घेतला. ताडपत्र्यांचे पैसे माझ्याकडून भरून दिले.

एप्रिलमध्ये देवळाचं काम संपलं आणि घराचं सुरू झालं. इथं यादी नव्हती.

बायको मिरजेला वॉन्लेस हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकलेली. आमचं लग्न झालं तेव्हा तिला कायमची नोकरी होती. पहिल्या बदलीला तिनं ती सोडली. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लागली, पुन्हा सोडली. तिसऱ्या वेळी तिनं अर्जच केला नाही. पाळकीणबाई म्हणून तिनं जे केलं, त्याला पगार नाही, पेन्शन नाही आणि पाळकाच्या निवृत्तीच्या हिशोबात तिचं नावही येत नाही. त्या वेळी संबंधित कार्यालयात मी विचारलं होतं. उत्तर मिळालं की ती सेवा आहे. सेवा आहे हे मला मान्य आहे. मला दुःख याचं आहे की ते उत्तर मीही तिला घरी येऊन तसंच सांगितलं.

माळ्यावरून डबे काढताना ती एकेक डबा हातात धरून सांगत होती. हा नाताळच्या करंज्यांचा, दोनशे बसतात. हा गाणी म्हणत येणाऱ्या पोरांसाठीचा, शंकरपाळीचा. हे पातेलं सांत्वनाच्या प्रार्थनेला चहा न्यायचं, हे अमक्या आजींना डबा द्यायचं. मी ज्याला मंडळीच्या भेटी म्हणत होतो, तिथं बहुतेक वेळा माझ्याआधी तिचा डबा पोचलेला असायचा. लोक मला मनातलं सांगायचे, आणि मी समजायचो की माझ्या प्रार्थनेनं त्यांचं मन मोकळं झालं. कितीदा तरी ते आधीच, स्वयंपाकघरात, तिच्यासमोर मोकळं होऊन आलेलं असायचं.

ती स्वयंपाकघराची खिडकी देवळाच्या आवारात उघडते. नऊ वर्षं ती उघडीच होती. कुणाला काही लागलं की दाराशी न जाता खिडकीतूनच हाक, "पाळकीणबाई!" रात्री दोनला पोटात दुखतंय म्हणून, नवरा पिऊन आलाय म्हणून, बाळंतिणीला गाडी मिळत नाही म्हणून. मुलगी पुण्याला नर्स आहे, ती सामान बांधायला आली होती. डबे पुसता पुसता म्हणाली, "पप्पा, या घरात आम्हाला कधी मोठ्यानं भांडता आलं नाही. मी चिडले की मम्मी आधी खिडकीकडं बघायची." मी म्हणालो, तू कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "बोलायला मोठ्यानं बोलावं लागलं असतं."

मग माझ्या वह्या निघाल्या. दर रविवारचा संदेश मी लिहून काढायचो. एकतीस वर्षांचे दीड हजारावर. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर, शाळेच्या वह्यांत, पावती पुस्तकांच्या मागं. त्या चाळताना २०१७ ची वही हाताला लागली आणि मला पान शोधावं लागलं नाही. उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे घर सोडून गेलेला मुलगा परत येतो ती येशूनं सांगितलेली गोष्ट. त्या सुमारास आमच्या धाकट्यानं देवळात येणं जवळजवळ सोडलं होतं. कॉलेजात होता, प्रश्न विचारायचा, माझी उत्तरं त्याला पुरत नव्हती. मंडळीत कुजबुज होती: पाळकाचाच मुलगा येत नाही. एका रविवारी तो आला, मागच्या बाकावर बसला. आणि मी व्यासपीठावरून, नाव न घेता, त्याचं उदाहरण दिलं. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. तो उठला आणि निघून गेला. मी संदेश पूर्ण केला. लोकांनी नंतर हात हातात घेऊन सांगितलं की आज मनाला भिडलं.

वहीच्या समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "धाकट्याचं सांगणे." म्हणजे ते ओघात आलं नव्हतं. शनिवारी रात्रीच मी ठरवलं होतं.

तो आता शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये आहे. रविवारी खोकी उचलायला आला, तेव्हा मी वही त्याच्यापुढं धरली. माफी मागायला आठ वर्षं लागली, तीही उभ्या उभ्या, खोक्यांच्या मध्ये. त्यानं पान वाचलं. मग विचारलं, "त्या दिवशी मी कुठं गेलो होतो, माहीत आहे?" मला वाटायचं रंकाळ्यावर गेला असेल, चिडला की तो तिकडंच जायचा. तो म्हणाला, "कुठं नाही. मागच्या दारानं घरात आलो. वार्षिक सभेचं जेवण होतं, मम्मी एकटीच होती. तिनं काही विचारलं नाही, कांद्याचं टोपलं पुढं केलं. मी दोन किलो कांदा चिरला. त्यामुळं रडलो तरी चालून गेलं."

हे मला बायकोनं आठ वर्षांत सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, "ते समासातलं खोडा, पप्पा." त्यानं खिशातलं पेन काढून दिलं. मी खोडलं. ती एक वही ठेवली. बाकीच्या, बायकोशी बोलून, नव्या पाळकांना काही उपयोगी वाटल्या त्या त्यांना दिल्या आणि उरलेल्या रद्दीत घातल्या.

निरोपाची उपासना मेच्या शेवटच्या रविवारी झाली. फेटा बांधला, शाल दिली, तांबडा-पांढरा रस्सा झाला, खूप जण रडले, मीही. एकच नोंद करतो. सत्काराला माझं नाव पुकारलं तेव्हा मी माईकवरून सांगितलं की पहिली शाल पाळकीणबाईंना. तिला अवघडल्यासारखं झालं. तरी ती पुढं आली.

नवे पाळक आदल्या दिवशीच पोचले होते. तिशीतले, दोन लहान मुलं, टेम्पोभर सामान. मी आणि ते नोंदवह्यांवर सह्या करत होतो आणि स्वयंपाकघरात बायको नव्या पाळकीणबाईंना सांगत होती. नळाला पाणी किती वाजता येतं. कुठल्या आजींना गोड द्यायचं नाही, मागितलं तरी. कोण सरळ येऊन सांगतं आणि कोण फक्त साखर मागायला येतं, तेव्हा ओळखायचं की काही झालंय. ती मुलगी मोबाईलवर लिहून घेत होती. ती शाळेत शिक्षिका आहे, कोल्हापुरात बदली मागितलीय म्हणाली. बायकोनं तिचा हात धरला. "नोकरी सोडू नका," म्हणाली, "कुणीही सांगितलं तरी. मी सांगते म्हणून सांगा."

त्यांचा धाकटा आवारात पडला आणि भोकाड पसरलं. ती मुलगी दचकून खिडकीकडं वळली, बाहेर कमिटीची माणसं उभी होती. "गप, गप," असं ती खिडकीतूनच म्हणाली. बायको म्हणाली, "रडू दे त्याला."

मग तिनं आमच्या मुलाला हाक मारली. खिडकीची कडी इतक्या वर्षांत रंगाखाली आणि गंजाखाली बसून गेली होती. त्यानं टेम्पोतून पाना आणि तेलाची बाटली आणली. आधी रंग खरवडला, तेल सोडलं, पाच मिनिटं थांबला, मग पान्यानं हळूहळू हलवली. दोनदा अडकली. तिसऱ्यांदा सरकली.

"ही बंद होते," बायको नव्या पाळकीणबाईंना म्हणाली. "आम्ही कधी केली नाही. तुम्ही रात्री साडेनऊनंतर करत जा. ज्याला खरंच लागलंय तो दार वाजवेल." तिनं खिडकी ओढून घेतली, कडी लावली, परत काढली, आणि म्हणाली, "आता तुम्ही लावून बघा."